अंगणात पळवायला जुन्या धाटणीची आरसी (रिमोटवरची) गाडी सुचवा (डोक्यात हॉटशॉट बसलीय)

अंगणवीर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की शाळेत असताना एका मासिकाच्या मागच्या पानावर टामियाच्या हॉटशॉटची जाहिरात पाहिली होती, लाल गाडी, पुढे पांढरे दिवे, चिखल उडतोय वगैरे. ते पान फाडून वहीत ठेवलं होतं आणि ती वही अजून आहे. आता इतक्या वर्षांनी कळलं की कंपनी जुन्या गाड्या परत काढते म्हणून, आणि तेव्हापासून झोप उडालीय. रेसबिस काही करायची नाहीये. घरामागे अंगण आहे, थोडं गवत, थोडी दाबलेली माती, संध्याकाळी अर्धा तास मी आणि लेक (वय ८) पळवणार एवढंच. हॉटशॉट घ्यावी की अजून काही? आरसीचा अनुभव शून्य, स्क्रू पिळता येतात, सोल्डरिंग कॉलेजात केलं होतं.

पिनियन_हरवला
स्वागत! हॉटशॉट मूळची १९८५ ची, २००७ ला परत आली. दिसायला एक नंबर, वाद नाही. पण पहिली गाडी म्हणून नको रे बाबा. चारही चाकांना ड्राइव्ह, पुढे एकच शॉक मागे एकच शॉक, आणि सगळं त्या टबात (म्हणजे खालच्या सांगाड्यात) इतकं कोंबलेलं की एक वायर सुटली तर अर्धी गाडी उघडायची. मी दोन वर्षं वापरली, पळवली कमी आणि उघडली जास्त.

डोळे मिटून ग्रासहॉपर घ्या.

चिखल्या
ग्रासहॉपर??? ३८० मोटर म्हणजे लहानशी, मागचं अख्खं गिअरबॉक्स दोन्ही चाकांसकट झोपाळ्यासारखं हलतं, शॉकमध्ये तेल नाही नुसत्या स्प्रिंगा. दहा मिनिटात कंटाळा येतो. हॉर्नेट घ्या, १९८४ चीच, टब जवळपास तोच, पण मोठी ५४० मोटर आणि मागे तेलाचे शॉक. आणि काळी बॉडी म्हणजे काय दिसते राव.

पिनियन_हरवला
चिखल्या, तू मोकळ्या मैदानात पळवतोस. त्यांनी अंगण लिहिलंय, धावपट्टी नाही.

सोल्डरबाई
गाडीचं नाव ठरवायच्या आधी अंगण मोजा हो कुणीतरी. इथे दर दोन महिन्यांनी हाच धागा येतो आणि सगळे आपापली आवडती गाडी सांगून मोकळे, समोरच्याकडे जमीन कशी आहे हे विचारत कुणीच नाही.

अंगणवीर, तीन गोष्टी करा. पट्टी घ्या आणि गवत पाच-सहा ठिकाणी मोजा, मातीपासून पात्याच्या टोकापर्यंत. मग लांबी-रुंदी पावलांनी मोजा. आणि गाडी सुसाट सुटली तर आपटेल कशावर ते बघा, पायरी, कठडा, कुंड्या, काय असेल ते. हे लिहा मग बोलू.

गवत का विचारतेय तर एक-दशांश मापाच्या बग्गीचं (मातीत पळणारी उघड्या चाकांची गाडी) पोट जमिनीपासून तसं फार वर नसतं. गवत पोटाला टेकलं की चाकांवरचं वजन कमी होतं आणि चाकं जागच्या जागी फिरतात, मोटर मात्र पूर्ण करंट खेचत राहते. पाच मिनिटात हात लावता येणार नाही इतकी तापते. लोक म्हणतात मोटर फालतू होती. मोटर बिचारी नांगर ओढत होती.

जुना_गडी
सोल्डरबाईंना +१. जमीन आधी, गाडी नंतर.

अवांतर: टामियाची पहिली आरसी गाडी १९७६ ची पोर्श ९३४, ती रस्त्यावरची. खऱ्या मातीतल्या बग्ग्यांना १९७९ उजाडलं, तेव्हा रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर आल्या. स्कॉर्चर म्हणजे ती बीटलची बॉडी असलेली, सस्पेंशन धातूचं, रेडिओसाठी बंद पेटी. २०१० ला परत काढली तेव्हा मी घेतली. अंगणवीर, तुम्ही घेऊ नका. माझी सुंदर जुळून आलीय म्हणून कपाटात आहे, वर्षातून एकदा फरशीवर फिरवतो आणि पुसून ठेवतो. ज्या गाडीला ओरखडा पडला की पोटात गोळा येतो ती अंगणाची गाडी नव्हे.

अंगणवीर
बाई, मोजलं. लांबी २० पावलं, रुंदी ९. कुंपणाच्या बाजूने गवत ७ सेंमी, मधे ५, आणि घराच्या बाजूला दोन-तीन पावलांची मातीची पट्टी, तिथे गवत जवळजवळ नाहीच. आपटायला एक दगडी पायरी आणि एक झाड. लेकीने विचारलं बाबा काय करताय, म्हटलं गवत मोजतोय, ती आत जाऊन आईला सांगून आली.

चिखल्या
हाहाहा. ७ सेंमीत बग्गी नाही चालणार, माझा हॉर्नेट मागे घेतो. लंच बॉक्स घ्या मग. १९८७ ची पिवळी व्हॅन, २००५ ला परत आली, चाकं ही भलीमोठी, गवत तुडवत जाते. वर थ्रॉटल दाबला की पुढची चाकं हवेत. लेक खुश.

पिनियन_हरवला
आणि वळवली की आडवी, ते पण सांग.

चिखल्या
आडवी पडणं हीच तर मजा आहे.

गप्पिष्ट_कासव
लंच बॉक्सवाला इथे हजर आहे. चार वर्षं झाली. चिखल्या म्हणतोय ते खरं आणि पिनियन म्हणतोय तेही खरं. खाली गिअरबॉक्स ग्रासहॉपर-हॉर्नेटच्याच घराण्यातला, म्हणजे मागचा भाग तसाच एका जागी टेकून डुलणारा, त्यावर उंच जड बॉडी आणि मोठी चाकं. खडबडीत जागी गेली की मागून बेडकासारख्या उड्या मारते. त्यावर उपाय म्हणजे पाचवा शॉक, लोक गिअरबॉक्स आणि चॅसीच्या मधे एक जास्तीचा तेलाचा शॉक बसवतात, मी पण बसवला, उड्या पुष्कळ कमी झाल्या. बॉडी कडक प्लास्टिकची आहे. पॉलीकार्बोनेटसारखी वाकत नाही, तडकते. माझ्या व्हॅनच्या टपाला आतून जाळीची पट्टी आणि गोंद लावून लावून आता टप कमी आणि गोंद जास्त झालाय.

पण एक सांगतो, घरी कुणीही आलं तरी रिमोट मागतात तो हिचाच. कपाटात एक आरसी१० पण आहे, ती सोनेरी अॅल्युमिनियमच्या टबवाली, मूळ १९८४ ची आणि २०१३ ला परत काढलेली. तिच्याकडे बघतात, बरी आहे म्हणतात आणि व्हॅन उचलतात.

मधली_सुट्टी
माझा एक बाळबोध प्रश्न. खेळण्याच्या दुकानातली रेडीमेड रिमोटची गाडी का नको? त्या पण रेट्रोच दिसतात, माझ्या भाच्याकडे आहे.

सोल्डरबाई
बाळबोध नाही, योग्य प्रश्न आहे. फरक दोन. पहिला म्हणजे साध्या खेळण्यात स्टिअरिंग बहुतेकदा पूर्ण डावं, सरळ किंवा पूर्ण उजवं, मधलं काही नाही. थ्रॉटलचंही तेच. हॉबीच्या गाडीत चाक जितकं फिरवाल तितकीच वळते. ९ पावलांच्या रुंदीत हा फरक फार कळतो. दुसरं म्हणजे खेळण्याचा एक दात तुटला की गाडी कचऱ्यात. ग्रासहॉपर, लंच बॉक्स वगैरेंचा एकेक सुटा भाग मिळतो आणि तो घरी बसवता येतो.

पण पोर ४-५ वर्षांचं असेल तर खेळणंच द्या. ते कुठेही आपटणार आणि आपण ओरडणार, कशाला.

जुना_गडी
मूळ जुनी गाडी, म्हणजे खरोखर ऐंशीच्या दशकातली, कुणाकडून वापरलेली घ्यायचा मोह झाला तर आवरा. प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, टायरला भेगा, आणि स्पीड कंट्रोल मेकॅनिकल, म्हणजे एक सर्व्हो (हात हलवणारी छोटी मोटर) पत्र्याच्या टिकल्यांवर पट्टी सरकवणार आणि वर एक रेझिस्टर तापत बसणार. मी त्या काळात बोटं भाजून घेतलीयेत. जुन्या फ्रॉग बग्गीचे मागचे षट्कोनी जोड झिजायचे ते वेगळंच. री-रिलीज घ्या, दिसणं तेच आणि आत ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल. रेडिओ पण आता २.४ गिगाहर्ट्झ, क्रिस्टल बदलायची भानगड गेली, दोन जण शेजारी शेजारी आरामात पळवतात.

अँटेनाची ती लांब नळी आता लागत नाही, तरी मी लावतो. नळीशिवाय बग्गी बोडकी दिसते.

अंगणवीर
इतकी माहिती! वाचनखूण साठवली. आता गोंधळ असा की लंच बॉक्स पटतेय पण लेकीला फोटो दाखवले तर तिला ग्रासहॉपर आवडली, कारण "तिच्यात माणूस बसलाय". आणि खरं सांगू का, मलाही व्हॅनपेक्षा बग्गीच हवीय, हॉटशॉट नाही तर निदान तिच्या वंशातली. गवताचं काय करू?

पिनियन_हरवला
गवत कापा 😀

सोल्डरबाई
थट्टा नाही, खरंच कापा, पण सगळं नाही!

हे बघा. अंगणात फिरतील असा एक अंडाकृती रस्ता कापा, गवत कापायच्या यंत्राच्या दोन पट्ट्या रुंद, शक्य तितका बुटका. घराजवळची मातीची पट्टी त्याची एक बाजू होईल. बाकीचं ७ सेंमी गवत तसंच ठेवा. तीच तुमची भिंत. गाडी रस्ता सोडून गेली की गवतात शिरून आपोआप मंदावते, काही तुटत नाही. पायरी आणि झाडाच्या बाजूला तर मुद्दाम उंच राहू द्या. आणि ८ वर्षाच्या मुलीला वळायला काहीतरी कारण मिळतं, नाहीतर मोकळ्या जागेत पोरं सरळ नेतात, आपटतात, परत आणतात, तिसऱ्या दिवशी सोडून देतात. माझ्या दोघांनी तेच केलं होतं, रस्ता कापल्यावर मग रिमोटवरून भांडणं सुरू झाली.

या रस्त्यावर ३८० मोटर कमी वाटणार नाही. उलट २० पावलात ५४० चा पूर्ण वेग येईपर्यंत कुंपण येतं.

चिखल्या
हे भारी आहे. बाई, दंडवत. माझा विरोध संपला, ग्रासहॉपर घ्या. पुढे कंटाळा आलाच तर ५४० बसते तिच्यात, फक्त पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) वेगळा लागतो, ३८० चा शाफ्ट बारीक असतो, तोच पिनियन ५४० वर चढत नाही. ठोकून चढवायचा प्रयत्न करू नका. कुणी केला होता ते विचारू नका.

गप्पिष्ट_कासव
जोडणीच्या चार गोष्टी, वाटल्यास लिहून ठेवा.

किटमध्ये प्लास्टिकचे बुश येतात, त्याऐवजी जोडतानाच बॉल बेअरिंग टाका, टामियात बरेच ठिकाणी ११ बाय ५ मिमीचे बसतात, मॅन्युअलमधे बघून घ्या. नंतर टाकायचे तर सगळं परत उघडावं लागतं म्हणून आत्ताच. स्क्रू जपानी धाटणीचे असतात, जेआयएस स्क्रूड्रायव्हर मिळाला तर घ्याच, साध्या फिलिप्सने डोकी गुळगुळीत होतात. आणि स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये जातात, घट्ट झाला की थांबायचं, अजून अर्धा फेरा दिला की आतली आटी गेली. बाहेर काढलेला स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, टक् असं जाणवलं की मग सुलटा, म्हणजे जुन्याच आटीत बसतो.

सर्व्होचा हात लावायच्या आधी रेडिओ आणि गाडी दोन्ही चालू करून सर्व्हो मधोमध येऊ द्या, मग हात लावा!!! हे सगळे विसरतात.

चिखल्या
रंगाचं पण सांगा. मी पहिल्या हॉर्नेटला कडक प्लास्टिकचा रंग बाहेरून मारला होता, तिची बॉडी पॉलीकार्बोनेटची, ती आतून रंगवायची असते. पहिल्या कोलांटीला पापुद्रे निघाले.

गप्पिष्ट_कासव
ग्रासहॉपरला तो प्रश्न नाही, तिची बॉडी कडक प्लास्टिकची, बाहेरून रंगवायची, टामियाच्या डब्यावर टीएस लिहिलेलं असतं. पॉलीकार्बोनेटसाठी पीएस. न रंगवता नुसते स्टिकर लावले तरी छान दिसते, पांढरीच असते.

मधली_सुट्टी
बॅटरी कुठली? लिपो (लिथियम पॉलिमर) फुटते म्हणतात.

सोल्डरबाई
पहिल्यांदा निकेल मेटल हायड्राइड, ६ सेलची ७.२ व्होल्ट, ३००० एमएएचच्या आसपास. ३८० मोटरवर अर्ध्या तासाच्या आसपास चालेल, लेकीचा उत्साह तेवढाच असतो. टामियाच्या जुन्या चॅसीत गोल कडांच्या बॅटरीची जागा असते, चौकोनी टणक कवचाची लिपो बऱ्याचदा कापाकापी केल्याशिवाय बसतच नाही.

लिपो आपणहून फुटत नाही, तिचे हाल केले तर पेटते. दोन सेलची ७.४ व्होल्ट, भरली की ८.४. प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब व्हायला लागतो, आणि किटबरोबर येणाऱ्या टीबीएलई-०२एस सारख्या ईएससीत लिपोसाठी कटऑफ नाही, म्हणजे गाडी मंदावेपर्यंत पळवलीत की बॅटरी गेली. लिपोच हवी तर वेगळा अलार्म लावा, ठेवताना सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा आणि चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका. चार्जिंगला लावून बाहेर न जाणं हे कुठल्याही बॅटरीला लागू.

अजून एक, रेडिओ घेताना थ्रॉटलची कमाल मर्यादा कमी करता येते का ते बघा. लेकीच्या हातात देताना ६० टक्क्यांवर ठेवा. आठवड्याने तीच वाढवायला सांगेल.

नवा_भिडू
क्योशो कंपनीचं कुणीच बोललं नाही. स्कॉर्पियन, १९८२ ची, २०१४ ला परत आली. ग्रासहॉपर तिच्यापुढे खेळणं आहे, उगाच सगळे टामिया टामिया करतात

जुना_गडी
स्कॉर्पियन देखणी आहे, चालतेही झकास, धातूचं काम पाहत राहावं असं. पण माझ्या स्कॉर्चरची बहीण समजा. आठ वर्षांच्या पोरीच्या हातात देऊन मागे शांत उभं राहता येईल का, एवढंच विचारा स्वतःला.

नवा_भिडू
नाही उभं राहता येणार. बरोबर आहे.

अंगणवीर
(तीन आठवड्यांनी) अपडेट!

ग्रासहॉपर आली. चार संध्याकाळी लागल्या जोडायला. लेकीने चाकं, स्टिकर आणि ड्रायव्हरचा चेहरा रंगवला, एक डोळा मोठा आणि एक छोटा झालाय, त्यामुळे तो कायम वैतागलेला दिसतो.

कासवराव, तुम्ही तीन उद्गारचिन्हं देऊन लिहिलं होतं तरी मी सर्व्होचा हात आधीच लावला. पहिल्या दिवशी गाडी उजवीकडे झकास वळायची आणि डावीकडे नुसती मान हलवायची. शिवाय पुढे ढकललं की मागे जायची. मोटरच्या दोन वायरी उलट्या झाल्या होत्या. म्हणजे पहिला अर्धा तास आमची गाडी फक्त मागे आणि उजवीकडे जात होती, आणि लेकीला ते इतकं आवडलं की दुरुस्त केल्यावर म्हणाली आधीचंच बरं होतं.

रस्ता कापला, बाई म्हणाल्या तसा अंडाकृती, मधे एक जास्तीचं वळण झाडाला वळसा घालून. शेजारचे विचारून गेले की अर्धंच गवत का कापलंय. उंच गवत खरंच भिंतीसारखं काम करतं, गाडी शिरते आणि फस्सकन थांबते, जाऊन काढायची. मातीच्या पट्टीवर मागची चाकं घसरवत वळवायला जमायला लागलंय, म्हणजे तिला, मला नाही. मी बाहेरच्या बाजूला उलटी पाडतो. चिखल्याभाऊ, कंटाळा अजून तरी नाही.

हॉटशॉटचं पान परत वहीत ठेवलंय. आत्तातरी.

एक अडचण. आज पुढच्या डाव्या चाकाचा नट गवतात पडला, चाक गडगडत कुंपणापर्यंत गेलं. चाक सापडलं, नट नाही. तासभर गुडघ्यावर बसून शोधला.

पिनियन_हरवला
माझ्या नावाचा अर्थ आता कळला असेल. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधा आणि गवतातून सावकाश ओढत न्या, नट स्टीलचा असतो, चिकटतो. मिळाला तर आतला नायलॉनचा रिंग शाबूत आहे का बघा, सैल झाला असेल तर तोच नट परत पडणार.

अंगणवीर
मिळाला!! नट, एक केसाची पिन, आणि दोन खिळे जे कुणाच्या तरी पायात जाणार होते.

सोल्डरबाई
खिळे कुठे मिळाले? रस्त्यावर की उंच गवतात?

अंगणवीर
झाडाच्या वळणावर, रस्त्यातच. उद्या लेकीला चुंबक घेऊन पूर्ण अंगण फिरवायला सांगितलंय, ती म्हणाली चुंबक गाडीच्या मागे बांधू.

गप्पिष्ट_कासव
बांधा, पण मोटरपासून लांब आणि दोरी चाकात जाणार नाही इतकी आखूड. आणि फोटो टाका, त्या वैतागलेल्या ड्रायव्हरचा.